सदऱ्याआतलं चित्र

मे महिन्याचा तिसरा रविवार. टोकियोतल्या असाकुसा भागात सान्जा मात्सुरी या उत्सवाचा शेवटचा दिवस. देवळाच्या तीन मोठ्या पालख्या, मिकोशी म्हणतात त्यांना, सकाळीच बाहेर पडलेल्या असतात. काळी लाख, सोन्याचा मुलामा, टनाच्या आसपास वजन. पालखी संथ न्यायची नाही, ती वरखाली हिसडत, डुलवत न्यायची अशी तिथली रीत आहे. कोकणात शिमग्याला पालखी नाचवतात ते पाहिलेल्या माणसाला ही चाल लगेच ओळखीची वाटेल. देव जितका हलेल तितका जागा होतो, ही समजूतही.

उन्हं चढतात, घाम फुटतो. मग गर्दीतली काही माणसं अंगातला आखूड सुती डगला खाली सरकवतात आणि रस्त्यावर एकदम चित्रं उमटतात. मानेखालपासून मांड्यांपर्यंत पसरलेला ड्रॅगन, धबधब्यातून वर चढणारा मासा, ज्वाळांत बसलेला उग्र देव. परदेशी पाहुणे कॅमेरे वर करतात. जवळच उभ्या असलेल्या जपानी आजीबाई मात्र पाहून न पाहिल्यासारखं करतात.

सोमवारी हीच माणसं कामावर असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या प्रवाशाला खांद्याला खांदा लागूनही काही कळत नाही.

अंगभर गोंदणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुटी चित्रं येतात. दंडावर एक, मनगटावर एक, हौस वाढली की पोटरीवर तिसरं, असं करत दहा वर्षांत अंग भरतं. जपानी होरिमोनो या वाटेने जात नाही. या शब्दाचा अर्थच 'कोरलेली वस्तू'. इरेझुमी, म्हणजे 'आत घातलेली शाई', हा शब्द अधिक प्रचलित आहे, पण त्याला शिक्षेचा वास आहे. अठराव्या शतकात एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, राजवटीत गुन्हेगारांच्या हातावर ओळखीचे पट्टे गोंदत, त्यांनाही इरेझुमीच म्हणत. होरिमोनो म्हणजे सबंध अंगावरचं एकच चित्र. ते सुई लागण्याआधी पुरं ठरलेलं असतं, आणि अंगावर पुरं व्हायला तीन, पाच, कधी सात वर्षं लागतात. ते कसं ठरतं, हाच या लेखाचा विषय.

आधी पाठ

गोंदणाऱ्या उस्तादाला होरिशी म्हणतात. त्याचं दुकान रस्त्यावरून दिसेलच असं नाही. अनेकांचं काम एखाद्या साध्या इमारतीतल्या खोलीत चालतं. दारावर पाटी नसते, आणि जायचं ते कुणाच्या तरी ओळखीने, वेळ ठरवून. पहिल्या भेटीत सुई निघत नाही. होरिशी माणसाला उभं करतो, वळवतो, चालायला लावतो. खांदे किती रुंद आहेत, कणा कुठे खोल जातो, कंबर किती आत आहे, हे पाहतो. अंगावर काय काढायचं याआधी अंग कसं आहे, हा प्रश्न येतो.

चित्राची सुरुवात पाठीपासून. इथे पाठ म्हणजे मानेच्या हाडापासून थेट नितंबांच्या खालपर्यंतचा भाग. शरीरावरचा हा सर्वांत मोठा सलग पट. मुख्य पात्र इथेच बसतं. त्याचा चेहरा साधारण खांद्याच्या फऱ्यांमध्ये येतो, धड कण्यावर, आणि पायांचं किंवा शेपटीचं वळण नितंबांच्या गोलाईवरून मांडीकडे. माणूस हात वर करतो तेव्हा फरे सरकतात; त्या वेळी देवाचा चेहरा वाकडा होता कामा नये. कागदावर सुरेख दिसणारं चित्र पाठीवर फसतं ते इथेच. जुने उस्ताद म्हणूनच कागदाला फारसं विचारत नसत. कुंचल्याने थेट कातडीवर रेखाटन करून त्यावरून सुई चालवत. आता बहुतेक ठिकाणी आधी कागदावर काढून ठसा उमटवतात, पण अंगाप्रमाणे रेषा हलवण्याचं काम शेवटी हातालाच करावं लागतं.

पाठ ठरली की छाती, दंड, मांड्या तिच्यामागून येतात. पाठीवर वीर लढत असेल तर दंडांवर त्याच्या गोष्टीतलंच काही आलं पाहिजे. ऋतूही पाळायचा असतो. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, वसंताचा; लाल मेपल शरदाचा. दोन्ही एकाच अंगावर विचार न करता घातले तर जाणकार माणूस नाक मुरडतो. सिंहासोबत पिओनीची फुलं, वाघासोबत बांबू, ड्रॅगनसोबत ढग, कार्प माशासोबत उसळतं पाणी. आपल्याकडे विठोबासोबत तुळस यावी तशा या जोड्या ठरलेल्या आहेत.

या सगळ्याला एकत्र बांधते ती पार्श्वभूमी: वाऱ्याचे काळे पट्टे, लाटा, ढग. तिला गाकुबोरी म्हणतात, म्हणजे चौकटीचं गोंदण. नवख्या माणसाला ती भरतीची वाटते, आणि पैसे वाचवायला तो तीच कमी करायला सांगतो. वास्तविक होरिमोनोचा जीव तिच्यात असतो. पाठीवरून निघालेला वारा खांद्यावरून दंडावर उतरतो, तिथून छातीवर येतो, म्हणून पाठ आणि छाती एका चित्रात राहतात. सुट्या चित्रांनी भरलेलं अंग आणि होरिमोनो यांतला सगळा फरक या काळ्या वाऱ्यात आहे.

मग पैशाचं बोलणं. तासाला दहा हजार येन किंवा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे सहा हजार रुपये, हा दर विशेष समजला जात नाही. पाठीलाच शंभरेक तास सहज लागू शकतात. आठवड्याला एक किंवा दोन तास, दर वेळी रोख, असा हिशेब वर्षानुवर्षं चालतो. नोकरी जाते, लग्न होतं, मूल होतं, आणि चित्र रेषांवरच थांबतं. रंग न भरलेल्या, नुसत्या बाह्यरेषांच्या पाठी जपानमध्ये पुष्कळ आहेत. म्हणून चांगला होरिशी पहिल्याच भेटीत घरचं, कामधंद्याचं विचारतो. ही चौकशी उद्धट वाटू नये. पाच वर्षांचा संसार दोघांनी मिळून करायचा असतो.

चित्र कुठे संपतं

होरिमोनोच्या आखणीत सर्वांत नाजूक निर्णय चित्र कुठे थांबवायचं हा असतो. बाही कोपराच्या वर थांबली तर ती पाच भागांची, कोपर ओलांडून पुढे गेली तर सात भागांची, मनगटाजवळ आली तर नऊ भागांची. मापं कापडाची वाटतात, आणि ती कापडावरूनच आलेली आहेत. कुठला सदरा घालणार, उन्हाळ्यात बाह्या किती दुमडणार, यावरून गोंदणाची हद्द ठरते.

छातीचं तर याहून बारकाईने ठरतं. एका प्रकारात छाती-पोटाच्या मधोमध गळ्यापासून खाली कातडीचा एक उभा पट्टा कोरा सोडतात. पुढून उघडा राहणारा डगला घातला तरी त्या फटीतून फक्त कोरी कातडी दिसते; चित्र दोन्ही बाजूंना कापडाखाली राहतं. वर्षानुवर्षं वेदना सोसून, लाखो येन मोजून घेतलेलं चित्र दिसू नये म्हणून हा पट्टा राखायचा.

काठालाही नाव आहे: मिकिरी. काठ सरळ कापल्यासारखा ठेवता येतो, पिओनीच्या पाकळ्यांसारखा गोलगोल वळवता येतो, पाइनच्या सुयांसारखा टोकेरी करता येतो, किंवा पहाटेसारखा विरत नेता येतो. पैठणी पाहणारी बाई आधी काठ-पदर पाहते. जाणता होरिशी दुसऱ्याचं काम पाहताना असाच काठाकडे पाहतो.

अस्तराची हौस

हे लपवण्याचं वेड एदोच्या रस्त्यांवर वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य शहरी माणसाने काय ल्यावं, किती रेशीम वापरावं यावर राजवटीचे निर्बंध होते. लोकांनी वरचं कापड साधं ठेवलं आणि हौस अस्तरात घातली. बाहेरून निळा-करडा डगला, आत रंगवलेला वाघ.

अग्निशामक दलाच्या लोकांनी ही हौस सर्वांत पुढे नेली. लाकडी घरांचं एदो वारंवार जळत असे. आग विझवणारे गडी जाड, गोधडीसारखे शिवलेले सुती डगले पाण्याने निथळते करून आगीत शिरत. डगल्याच्या आतल्या बाजूला ड्रॅगन किंवा एखादा वीर रंगवलेला असे. आग विझली की डगला उलटा करून, चित्र बाहेर काढून ते मिरवत परतत. याच माणसांच्या अंगावरही ड्रॅगन असत. ड्रॅगन पाण्याचा धनी. तो अंगावर असला की आग बाधत नाही, ही श्रद्धा.

त्यांना चित्रं पुरवली ठसेचित्रकार उतागावा कुनियोशीने. १८२७ च्या सुमारास त्याने 'सुइकोदेन' या मूळ चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोर वीरांची रंगीत ठशांची मालिका सुरू केली. कादंबरीतल्या मोजक्या वीरांच्या अंगावर गोंदण होतं. कुनियोशीने ते अनेकांना बहाल केलं आणि पाठी भरून काढलं. नऊ ड्रॅगनांचा शिशिन, फुलं गोंदलेला दांडगा भिक्खू रोचिशिन. अन्यायी सरदारांविरुद्ध उठलेले हे वीर एदोतल्या हमालांना, सुतारांना, आग विझवणाऱ्यांना आपले वाटले. ठसा भिंतीवरून अंगावर आला. 'कोरणे' हे क्रियापद लाकडी ठशासाठी होतं, तेच कातडीसाठी चाललं. आजही होरिशीच्या फडताळात कुनियोशीची पुस्तकं हाताशी असतात.

पाठीवरचा अचलनाथ

मराठी वाचकाला या चित्रांत एक ओळखीचा देव भेटतो. जपानी पाठींवर अतिशय लोकप्रिय असलेला उग्र देव म्हणजे फुदो म्योओ. भोवती ज्वाळा, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात दोर. फुदो म्हणजे न हलणारा. हा आपल्याकडून चीनमार्गे गेलेला तांत्रिक बौद्ध अचलनाथ. हातातला दोर म्हणजे पाश. चित्राजवळ पुष्कळदा त्याचं बीजाक्षर असतं, तेही सिद्धम् लिपीत. ही लिपी भारतात मागे पडून हजारभर वर्षं झाली. जपानी मठांमध्ये आणि जपानी अंगांवर ती अजून जिवंत आहे.

अचलनाथाच्या तलवारीला विळखा घालून तिचं टोक गिळणाऱ्या ड्रॅगनला कुरिकारा म्हणतात. हे नाव आलं संस्कृतातल्या कुलिक नागावरून. आपल्या अष्टनागांमध्ये तो आहे. हे चित्र एदोत इतकं चाललं की 'कुरिकारा मोन्मोन' हा गोंदलेल्या अंगासाठीचा बोलीतला शब्दच झाला. वाद्य घेतलेली बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. तीही पाठींवर, दंडांवर भेटते.

आपल्या गोंदणाशी हे ताडून पाहावंसं वाटतं. आजीच्या कपाळावरची तुळस, हनुवटीवरचा ठिपका, हातावरचं नाव हे सगळं उघड्या कातडीवर, दिसण्यासाठी. सर्वांगावर गोंदण्याचं उदाहरण शेजारच्या छत्तीसगडमध्ये आहे: रामनामी पंथाचे लोक अंगभर 'राम राम' गोंदत. तिथेही अक्षर चेहऱ्यावर, कपाळावर, सगळ्या जगासमोर. देवळात प्रवेश नाकारलेल्या जातींनी देवाचं नावच कातडीवर आणलं, ते झाकायला नव्हे. जपानी माणसाने आपला देव सदऱ्याआत नेला.

शाक्की, शाक्की

हाताने गोंदण्याला तेबोरी म्हणतात. हत्यार साधं: बांबूची किंवा पोलादाची पेन्सिलीहून लांब काडी, तिच्या टोकाला ओळीने बसवलेल्या सुया. रेषेसाठी थोड्या, छटेसाठी दोन-तीन डझनही. गिऱ्हाईक गादीवर पालथं, होरिशी शेजारी मांडी घालून. डाव्या हाताचा अंगठा कातडी ताणून धरतो, त्याच अंगठ्यावर काडी टेकते. डाव्याच हाताच्या बोटांत शाईचा कुंचला. त्यावर सुया टेकवून उजवा हात पुन्हा कातडीकडे येतो. सुया तिरक्या आत जातात आणि बाहेर येताना कातडीला हलकी उचल देतात. त्या उचलीचा आवाज जपानी कानाला 'शाक्की' असा ऐकू येतो. खोलीत तासभर तेवढाच आवाज असतो.

योकोहामाचे होरियोशी तिसरे, जन्म १९४६, हे या कलेतलं जगभर मानलं गेलेलं नाव. पंचविशीत ते पहिल्या होरियोशींकडे शिष्य म्हणून राहिले आणि १९७१ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली. इतक्या परंपरेतल्या माणसानेही बाह्यरेषांसाठी विजेचं यंत्र स्वीकारलं. रेष त्याने लवकर आणि एकसारखी येते. छटा मात्र हाताच्या. गर्द काळ्यापासून धुरकट करड्यापर्यंतचा उतार, बोकाशी म्हणतात तो, हाताने भरला की मऊ येतो असं हाताने काम करणारे ठामपणे सांगतात, आणि यंत्राने भरलेली नि हाताने भरलेली पाठ शेजारी पाहिली की ते पटतं.

शिष्याची जुनी वाट कठीण. गुरूच्या घरी राहायचं, झाडलोट करायची, सुया बांधायच्या, शाई उगाळायची, आणि हात बसेपर्यंत स्वतःच्या मांडीवर गोंदायचं. चित्रकलेचा धडा गुरू शब्दांनी क्वचित देतो. या वाटेने जाणारी मुलं आता थोडी आहेत.

सोसणाऱ्याचं काम वेगळं. बरगड्या, काख, माकडहाड, गुडघ्यामागची लवण या जागा दात खायला लावतात. मोठा भाग एका बैठकीत केला तर रात्री अंग तापतं. मग आठ-दहा दिवस पापुद्रे सुटतात, खाज येते, खाजवायचं नाही. गरम पाण्यात डुंबायचं नाही. म्हणूनही आठवड्याचा वार ठरलेला बरा. जुन्या काळी एकच सुई अनेकांना लागे आणि त्यातून काविळीचे विषाणू पसरले. आता सुया एकदा वापरून टाकायच्या असतात.

कातडीच्या आत

शाई टिकते कशी? सुई वरचा थर ओलांडून, मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल, आतल्या त्वचेत पोचते. शरीर तिला परकी समजून भक्षक पेशी पाठवतं. त्या रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तिथेच बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की रंग धरलेली पेशी मेली की सुटलेले कण शेजारी येणारी नवी पेशी उचलते. चित्र स्थिर दिसतं, पण आतून ते सतत हातबदल करत असतं. या हस्तांतरात थोडा रंग सरकतो, रेष वर्षागणिक जाड होते. काही कण लसिकाग्रंथींपर्यंत जातात.

हे विज्ञान कळण्याच्या कितीतरी आधी होरिशींनी त्यावर उपाय शोधला होता. पात्र मोठं ठेवायचं, बाह्यरेष ठसठशीत, बारकावे मोजके, काळा भरपूर. साठाव्या वर्षी कातडी लोंबली, पोट सुटलं तरी ड्रॅगन ड्रॅगनच दिसला पाहिजे. बोटभर चेहऱ्यात पापण्यांचे केस मागणाऱ्या तरुणाला उस्ताद नकार देतो तो यासाठी.

माणसामागे चित्राचं काय होतं, याचं एक उत्तर टोकियो विद्यापीठात आहे. फुकुशी मासाइची (१८७८–१९५६) हे विकृतिशास्त्राचे डॉक्टर. त्वचेच्या अभ्यासातून ते गोंदणाकडे वळले आणि त्यात रमले. मृत्यूनंतर कातडी देण्याची संमती देणाऱ्यांच्या पाठी ते जतन करत. पैशाअभावी चित्र अपुरं राहिलेल्या काहींचा पुढचा खर्चही त्यांनी दिला. तिथे अशा शंभरावर कातड्या आहेत. सामान्य लोकांना ते दालन खुलं नाही. काचेमागे ताणून लावलेली, डोकं-हात नसलेली ती पूर्ण अंगं छायाचित्रांतूनही पाहवत नाहीत, आणि त्यांवरून नजरही हटत नाही.

डॉक्टरचा परवाना

१८७२ मध्ये मेइजी सरकारने गोंदणावर बंदी घातली. पाश्चात्त्यांसमोर रानटी दिसू नये, ही धडपड. पण पाश्चात्त्य खलाशीच बंदरांतल्या उस्तादांपुढे हात पसरून बसत होते. पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने १८८१ च्या जपान भेटीत हातावर ड्रॅगन काढून घेतला. परदेशी राजपुत्राला मोकळीक, स्वतःच्या सुताराला बंदी, असं पाऊणशे वर्षं चाललं. कला मागच्या खोल्यांत गेली. १९४८ मध्ये, अमेरिकी अंमलात, बंदी उठली. तोवर अंगभर गोंदण आणि याकुझा टोळ्या हे समीकरण घट्ट होत होतं, आणि साठच्या दशकातल्या टोळीपटांनी ते प्रत्येक घरात पोचवलं.

२०१५ मध्ये ओसाकातले गोंदणकार तायकी मासुदा यांच्यावर खटला झाला. आरोप असा की कातडीत सुईने शाई घालणं हे वैद्यकीय कृत्य आहे आणि त्यांच्याकडे डॉक्टरचा परवाना नाही. आधार होता आरोग्य मंत्रालयाच्या २००१ च्या एका सूचनेचा. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने दीड लाख येन दंड केला. अनेकांनी असा दंड भरून विषय मिटवला असता, मासुदा लढले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. दोनशे वर्षं जुन्या कलेला स्वतःच्या देशात ती वैद्यकी नाही हे सिद्ध करावं लागलं, ही गोष्ट मनाला लागते.

वाफेमागे

कायदा सुटला तरी स्नानघराचं दार सुटलेलं नाही. जपानच्या पर्यटन खात्याने २०१५ मध्ये विचारणा केली तेव्हा सुमारे ५६ टक्के स्नानगृहांनी गोंदलेल्या पाहुण्यांना आत घेत नसल्याचं सांगितलं, आणि आणखी १३ टक्क्यांनी झाकलं तरच. २०१९ च्या रग्बी विश्वचषकात सामोआ, न्यूझीलंडच्या खेळाडूंना सार्वजनिक तलावात, व्यायामशाळेत गोंदण झाकायला सुचवण्यात आलं. काही ठिकाणी कातडीच्या रंगाची चिकटपट्टी मिळते, पोस्टकार्डाएवढी. मनगटावरच्या फुलाला ती पुरते. मानेपासून मांड्यांपर्यंत पसरलेल्या अचलनाथाला ती कुठे लावणार?

राहतात ती मोहल्ल्यातली जुनी स्नानघरं, सेन्तो. गरम झऱ्याच्या महागड्या ओन्सेनपेक्षा ही साधी, आणि अनेक ठिकाणी गोंदलेल्यांना अडवत नाहीत. होरियोशी तिसरे अकरा-बारा वर्षांचे असताना अशाच एका सार्वजनिक स्नानघरात त्यांनी अंगभर गोंदलेला माणूस पहिल्यांदा पाहिला आणि ते चित्र त्यांच्या मनातून गेलं नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास टोकियोतल्या सेन्तोत शिरलं की तसाच क्षण अजून वाट्याला येऊ शकतो. समोरच्या भिंतीवर फुजी पर्वत रंगवलेला असतो. अशी भिंत रंगवणारे चित्रकार आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्याच्याखाली म्हातारे, कामावरून आलेले मजूर, बापासोबत आलेली पोरं. नळापाशी बुटक्या स्टुलावर एक सत्तरीचा गृहस्थ पाठमोरा बसलेला. पाठीवरचा मासा जरा खाली ओघळलाय, लाल रंग विटकरी झालाय, पण लाटांचा काळा तसाच आहे. छातीवरून उतरणारी कोरी पट्टी साबणाच्या फेसात दिसेनाशी झाली आहे. तो डोक्यावरून बादली ओततो, आणि शेजारचं पोरगं साबण हातात तसाच धरून पाहत राहतं.